सॉरी कुणाला म्हणायचं आणि कशाबद्दल?

या वेळी इंग्रजी शब्दांबद्दलच्या तुमच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच शब्दावर निघाली, सॉरी. दिवसातून दहादा तोंडातून जाणारा शब्द, त्यामुळे तो आपल्याला येतो असं आपण धरूनच चालतो, मीही चालायचो. तर बाकीचे शब्द पुढच्या अंकात, आज सगळी जागा सॉरी आणि त्याच्या भावकीला.

प्रश्न: माझी टीम परदेशी लोकांबरोबर काम करते. मध्यंतरी मी पंधरा दिवस रजेवर होतो, परत आल्यावर व्हिडिओ कॉलवर सांगितलं की वडील गेले. समोरच्या बाई लगेच म्हणाल्या, "ओह, आय ॲम सो सॉरी." मी गडबडलो आणि बोलून गेलो, "नो नो, इट्स नॉट युवर फॉल्ट." कॉलवर दोन सेकंद शांतता. नंतर टीममधला मित्र म्हणाला की अरे असं नाही बोलत. माझं नेमकं काय चुकलं? सॉरी म्हणजे माफ करा असंच ना?

उत्तर: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आणि हे जे मी आत्ता लिहिलं ना, "वाईट वाटलं", अगदी तेच त्या बाईंनी इंग्रजीत म्हटलं होतं, एवढंच.

आपण शाळेत सॉरी म्हणजे माफ करा असं शिकतो आणि तिथेच घोळ होतो, कारण या दोन वाक्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला आहेत. "माफ करा" हे समोरच्याला केलेलं मागणं आहे, तुम्ही काहीतरी करा, मला सोडा. माफ हा शब्द अरबीतून आलाय आणि त्याचा मूळ अर्थच सूट मिळालेला असा, म्हणून तर फीमाफी आणि कर्जमाफी. "आय ॲम सॉरी"मध्ये मात्र समोरच्याकडे काहीच मागितलेलं नसतं, माझी अवस्था काय आहे ती सांगितलेली असते. तुम्ही त्या बाईंचं सॉरी मनातल्या मनात "माफ करा" असं ऐकलंत आणि उदारपणे त्यांना माफ करून टाकलंत!

शब्दाची कुंडली बघितली की हे आणखी पटतं. जुन्या इंग्रजीत तो सारिग होता, म्हणजे दुःखी, व्यथित, आणि तो आला सार या शब्दावरून, म्हणजे जखम, दुखणं. तोच सार आज सोअर झालाय, सोअर थ्रोटमधला. म्हणजे सॉरी आणि दुखरा घसा ही सख्खी भावंडं. आणि गंमत अशी की ज्याला सगळे त्याचा सख्खा भाऊ समजतात तो सॉरो, म्हणजे दुःख, तो मुळात वेगळ्या घरचा, सॉर्ग नावाच्या दुसऱ्याच जुन्या शब्दातून आलेला. शेकडो वर्षं शेजारी राहून सॉरीचा उच्चार त्याच्याकडे झुकला, बाकी नातं नाही.

म्हणजे सॉरीचा मुळातला अर्थ "मला दुखतंय" एवढाच, चूक कबूल करायचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं. जुना अर्थ अजून जिवंत आहे. एखादी टीम शंभरच्या आत गारद झाली की इंग्रजी पेपर छापतात की ती "कट अ सॉरी फिगर", तिथे कोणी कुणाची माफी मागत नसतं, दिसायला केविलवाणं झालं एवढंच. मोडकळीला आलेली इमारत असते "इन अ सॉरी स्टेट". बिचारी इमारत कुणाला काय सॉरी म्हणणार.

मराठीत सॉरीच्या जवळ जाणारा शब्द शोधायचाच तर दिलगीर. फारसीत दिल म्हणजे काळीज आणि गीर म्हणजे धरलेला, काळीज धरल्यासारखा उदास. तोही आधी नुसता उदास होता आणि मग चुकीची कबुली देता देता "दिलगिरी व्यक्त करणे" झाला. दोन भाषांमधल्या शब्दांचा प्रवास एवढा सारखा निघाला की मला उगाचच आनंद होतो.

आता पुढच्या वेळचं. असं सॉरी कोणी म्हटलं की "थँक यू" म्हणायचं, बस्स. फार तर "थँक यू, दॅट्स काइंड ऑफ यू." आणि दुसऱ्याच्या घरी असं झालं तर "आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस". तिथे चुकूनसुद्धा अपॉलॉजाइज वापरू नका, "आय अपॉलॉजाइज फॉर युवर लॉस" म्हटलं तर ते माणूस तुमच्यामुळे गेल्याची कबुली दिल्यासारखं ऐकू येतं.

प्रश्न: आमच्याकडून माल उशिरा गेला. मी ग्राहकाला मेल लिहिला, "वी आर सॉरी फॉर द डिले." साहेबांनी ते खोडून "वी रिग्रेट द डिले" केलं, म्हणाले कायद्याच्या दृष्टीने हे बरं. ग्राहकाचं उत्तर आलं की मला रिग्रेट नको, अपॉलॉजी हवी. तिन्ही एकच ना? की खरंच एवढा फरक आहे?

उत्तर: फरक आहे, आणि तुमचे साहेब बेरकी आहेत आणि ग्राहक त्याहून.

माझाच किस्सा सांगतो. पूर्वी मी भाषांतराची कामं करायचो, तेव्हा एका कंपनीची जाहीर सूचना मराठीत करायची होती. मूळ मजकुरात "वी रिग्रेट" होतं, मी झोकात "आम्ही माफी मागतो" लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी कागद परत, माझ्या वाक्यावर लाल रेघ आणि वर वकिलाच्या अक्षरात "खेद आहे". मला तेव्हा वाटलं किती रुक्ष माणूस. आता वाटतं की त्या खोलीत इंग्रजी फक्त त्यालाच नीट येत होतं.

रिग्रेट जुन्या फ्रेंचमधून आलाय, तिथे त्याचा अर्थ गेलेल्या माणसासाठी शोक करणं. जे गेलं, जे घडलं, त्याबद्दल हळहळ. कुणामुळे घडलं हा प्रश्न त्यात येतच नाही. म्हणून पावसाबद्दलही रिग्रेट वाटू शकतं, दुसऱ्याने केलेल्या गोष्टीबद्दलही वाटू शकतं. अपॉलॉजाइज मात्र फक्त आपण केलेल्या किंवा आपण ज्यांच्या वतीने बोलतोय त्यांनी केलेल्या गोष्टीबद्दलच करता येतं. सॉरी या दोघांच्या मध्ये लोंबकळतं, कधी इकडे कधी तिकडे, आणि म्हणूनच ते एवढं सोयीचं आहे.

हा फरक फक्त ऑफिसच्या मेलपुरता असता तर मी एवढा घोटला नसता. १० एप्रिल २०१९ ला, जालियनवाला बागेला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस असताना, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या संसदेत उभ्या राहिल्या आणि त्या घटनेला ब्रिटिश इंडियाच्या इतिहासावरचा लाजिरवाणा डाग म्हणाल्या. लाजिरवाणा म्हणाल्या, पण पुढचं क्रियापद होतं "डीपली रिग्रेट". विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे मागणी केली की पूर्ण, स्पष्ट अपॉलॉजी हवी. आपल्याकडे बातम्यांत दोन्हीसाठी "खेद" आणि "माफी" असे वेगळे शब्द आले ते बरं झालं, पण गप्पा मारताना अनेकजण म्हणत होते की अरे मागितली ना माफी. नाही मागितली. तोच तर मुद्दा होता.

ऑस्ट्रेलियात तर एका शब्दापायी दहाहून जास्त वर्षं गेली. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडली गेली होती, त्याचा मोठा अहवाल १९९७ ला आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ ला ठराव आणला, त्यात "डीप अँड सिन्सिअर रिग्रेट" होतं, सॉरी मात्र ते सरकारच्या वतीने म्हणायला तयार नव्हते, आजच्या पिढीने मागच्यांच्या कृत्यांची कबुली का द्यावी असा त्यांचा युक्तिवाद. मे २००० मध्ये सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून प्रचंड मोर्चा निघाला आणि वर आकाशात विमानाने धुराचं एकच अक्षरचित्र काढलं, सॉरी. बाकी काही नाही, तेवढा एक शब्द. शेवटी १३ फेब्रुवारी २००८ ला नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत "वी से सॉरी" म्हटलं, तेही लागोपाठ तीनदा. बघा, इथे छोटा घरगुती सॉरी त्या भारदस्त रिग्रेटपेक्षा वजनदार ठरला! म्हणजे शब्द जितका लांब आणि जड तितकी माफी मोठी हे आपलं गणित इंग्रजीत चालत नाही.

आणि सॉरी लोंबकळतं म्हणालो ना, त्याचाही नमुना आहे. १ एप्रिल २००१ ला अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान हवेत धडकली, चिनी वैमानिक गेला, अमेरिकन विमान न विचारता चीनच्या हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले २४ जण अडकले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती द्यायची नव्हती. मग दिवसचे दिवस शब्दांची घासाघीस होऊन जे पत्र निघालं त्यात "व्हेरी सॉरी" दोनदा होतं, एकदा वैमानिकाबद्दल आणि एकदा विमान तोंडी परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना ते माफीच्या अगदी जवळच्या शब्दात सांगितलं, अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं की आम्हाला वाईट वाटतंय, माफी कुठे मागितली. दोघंही खोटं बोलत नव्हते, सॉरीत दोन्ही अर्थ आहेतच की. माणसं घरी गेली.

अपॉलॉजीचं पूर्वायुष्य तर याहून मजेदार. ग्रीक अपॉलॉगिया म्हणजे स्वतःच्या बचावाचं भाषण, बरोबर उलटं! इसवी सनपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला, प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या त्या भाषणाला इंग्रजीत अपॉलॉजी म्हणतात, आणि त्यात सॉक्रेटिस माफीचा म सुद्धा काढत नाही. उलट दोषी ठरल्यावर, शिक्षा काय हवी असं विचारल्यावर म्हणतो की मला शहराच्या खर्चाने जेवण द्या. इंग्रजीतही हा शब्द सोळाव्या शतकात बचाव म्हणूनच आला आणि मग हळूहळू "असं झालं खरं, पण ऐका तर" वरून "माझं चुकलं" वर घसरला. अपॉलॉजिस्ट या शब्दात मात्र जुना अर्थ तसाच राहिला, एखाद्या राजवटीचा अपॉलॉजिस्ट म्हणजे तिची बाजू लढवणारा. हा शब्द माफी मागणारा म्हणून वापरलेला मी छापील मजकुरात बघितलाय, टाळा.

जे. एल. ऑस्टिन नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते, त्यांनी या सगळ्याची फार सुरेख फोड केलीय. काही वाक्यं बोलणं हेच ते काम करणं असतं. "आय अपॉलॉजाइज" म्हटलं की माफी मागून झाली, मनात काही असो नसो. "आय ॲम सॉरी" अर्धं काम अर्धं वर्णन. "आय रिपेंट", म्हणजे मला पश्चात्ताप होतोय, हे नुसतं वर्णन. याची घरगुती परीक्षा अशी, सॉरीवर "खरंच वाटतंय का तुला?" असं विचारता येतं, अपॉलॉजाइजवर तसं विचारणं विचित्र वाटतं, ते तर झालंच की तुमच्यासमोर.

साहेबांच्या कायद्याचं म्हणाल तर भीती अगदी खोटी नाही, पण काही देशांनी ती कमी केलीय. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी असा वेगळा कायदाच केला. माल उशिरा गेला एवढ्याने कोणी कोर्टात जात नाही, तेव्हा सरळ "वी अपॉलॉजाइज फॉर द डिले" लिहा, का झालं ते एका ओळीत, आणि आता कधी पोचेल ती तारीख. आणि कृपा करून खाली "फॉर एनी इन्कन्व्हिनिअन्स कॉज्ड" चिकटवू नका. त्यातलं एनी म्हणतं की गैरसोय झाली असेलच असं नाही, आणि कॉज्ड म्हणतं की झालीच असेल तर कोणी केली ते माहीत नाही. एवढ्याशा शेपटात अख्खी माफी परत घेतलेली असते. "सॉरी इफ यू फेल्ट बॅड" ही त्याचीच बहीण, तुला वाईट वाटलं हा तुझा प्रॉब्लेम.

प्रश्न: सॉरी फॉर, सॉरी अबाउट, सॉरी टू, कुठे काय? आणि "आय अपॉलॉजाइज यू" चुकीचं का?

उत्तर: शेवटचं आधी. अपॉलॉजाइज माणसाला थेट चिकटत नाही, मध्ये टू लागतो, "आय अपॉलॉजाइज्ड टू हर फॉर शाउटिंग." आपल्याला "तिची माफी मागितली" ची सवय, म्हणून तो टू गळतो.

सॉरीचं ढोबळमानाने असं की वस्तू किंवा प्रसंग असेल तर अबाउट, "सॉरी अबाउट द नॉइज". केलेल्या कृतीसाठी फॉर, "सॉरी फॉर शाउटिंग". आत्ता या क्षणी करतोय त्यासाठी टू, दारावर टकटक करून "सॉरी टू डिस्टर्ब यू". वाईट बातमी ऐकली तरी टू, "सॉरी टू हिअर दॅट". पण फॉरच्या पुढे माणूस आला की सावध! "आय फील सॉरी फॉर हिम" म्हणजे त्याची कीव येते. भांडणात कोणी तोंडावर "आय ॲम सॉरी फॉर यू" म्हणालं तर ती माफी समजून वितळू नका, तो टोमणा आहे.

रिग्रेटमध्ये एक खरा खड्डा आहे. "आय रिग्रेट टू टेल यू" म्हणजे सांगायला वाईट वाटतंय पण सांगतो, पुढे हमखास नकार येतो, नोकरीच्या अर्जांवरची उत्तरं आठवा. "आय रिग्रेट टेलिंग यू" म्हणजे तुला सांगून बसलो, आता पस्तावतोय. टू आणि इंगमध्ये एवढा फरक. आणि माणूस रिग्रेटफुल असतो, घटना रिग्रेटेबल.

प्रश्न: धक्का लागला तर सॉरी की एक्स्क्यूज मी? आणि ऐकू आलं नाही तर पार्डन म्हणणं जास्त सभ्य ना?

उत्तर: त्रास द्यायच्या आधी एक्स्क्यूज मी, देऊन झाल्यावर सॉरी. गर्दीतून वाट काढताना एक्स्क्यूज मी, पायावर पाय पडला की सॉरी. अमेरिकेत पडल्यावरही एक्स्क्यूज मी चालतं. आणि ब्रिटिश माणूस तर दुसऱ्याचा धक्का लागला तरी स्वतःच सॉरी म्हणतो अशी त्यांचीच त्यांच्यावरची थट्टा आहे.

पार्डनची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये पूर्णपणे देऊन टाकणं, त्यातला डोनारे म्हणजे आपल्या दानाचा लांबचा चुलतभाऊ. त्यामुळे त्यात वरून खाली देण्याची ऐट आहे, राष्ट्रपती पार्डन देतात, राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात हाच शब्द आहे, अमेरिकेत फोर्ड यांनी १९७४ ला निक्सनना दिला तोही पार्डनच. सभ्यतेचं म्हणाल तर तुमची निराशा होणार आहे. ॲलन रॉस या भाषातज्ज्ञांनी १९५४ मध्ये ब्रिटिश उच्चवर्गाची बोली तपासली तेव्हा असं निघालं की खानदानी लोक ऐकू आलं नाही की सरळ "व्हॉट?" म्हणतात, आणि पार्डन हा खानदानी दिसायला बघणाऱ्या मध्यमवर्गाचा शब्द! आपण दोन्हीकडचे नाही, आपण सूर वर नेत "सॉरी?" म्हणायचं. सूर वर म्हणजे परत सांगा, सूर खाली म्हणजे चुकलो.

टेनिस बघत असाल तर एक सॉरी तिथेही दिसेल. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे टपकन पडतो, पॉइंट नशिबाने मिळतो, आणि जिंकलेला खेळाडू हात वर करून सॉरी म्हणतो. वाईट तर वाटत नसतंच, पॉइंटही परत देत नाही.

प्रश्न: मराठीत "क्षमस्व" असताना सॉरी हवंच कशाला? मी तर सगळ्यांना "मी क्षमस्व आहे" असंच म्हणतो.

उत्तर: भावना छान, वाक्य चुकलं. क्षमस्व हे संस्कृत क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे, अर्थ "तू क्षमा कर". म्हणजे "मी क्षमस्व आहे" म्हणजे "मी तू क्षमा कर आहे". नुसतं "क्षमस्व" म्हणा, किंवा "मी दिलगीर आहे" म्हणा. आणि रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर सॉरीच म्हणा हो, क्षमस्व म्हणेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो.

जाता जाता एक माझ्याकडचं. मागच्या अंकात ओघाओघात मीच लिहून बसलो होतो की सॉरी हा शब्द सॉरोवरून आला. एका वाचकाने पत्र पाठवून पकडलं. बघून न घेता लिहिलं, चूक माझी आहे, माफी मागतो. "कुणाचा गैरसमज झाला असल्यास" वगैरे काही नाही, झालाच असणार.